एसटीतून नेलेले पिवळे स्फटिक

पहिल्यांदा ती बाटली सरांच्या टेबलावर उघडली तेव्हा मला वाटलं, मी चुकून दुसरीच बाटली घेऊन आले. सकाळी भोरच्या प्रयोगशाळेत मी स्वतःच्या हातानं त्यात स्फटिक भरले होते. भाताच्या दाण्याएवढे, लांबट, लिंबासारखे पिवळे. पुण्याला पोचेपर्यंत त्यातले निम्मे नारिंगी झाले होते. काही तर पार शेंदरी.

सरांनी बाटली खिडकीच्या उजेडाकडे धरली, फिरवली आणि खाली ठेवली.

"फोनवर तुम्ही पिवळे म्हणाला होतात."

"पिवळेच होते, सर."

"मग हे काय आहे?"

शेजारी दोन तरुण संशोधक विद्यार्थी काम करत होते, ते मान वर न करता ऐकत होते. चाळिशीची बाई, स्वतः कॉलेजात शिकवणारी, आणि पहिल्याच खेपेला रंग चुकलेला. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी कात्रजपासून कापूरहोळपर्यंत बाटली मुठीत धरून बसले होते.

मी भोरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मूळची पासलीची, वेल्ह्याच्याही पुढच्या डोंगरातली. लग्न, नोकरी, मुलं यांत पीएच.डी. राहून गेली होती. मुलं आपापली उठून शाळेत जायला लागली तेव्हा मी नाव नोंदवलं. पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेतल्या सरांनी मला मार्गदर्शन करायचं कबूल केलं, तेही थोडं नाइलाजानं, असं मला तेव्हा वाटायचं. त्यांनी दिलेलं काम साधं होतं. एक सेंद्रिय संयुग होतं. त्याचं नाव लांबलचक आहे, ते इथं सांगून काही उपयोग नाही. त्याचा स्फटिक पिवळा असतो आणि तापवला की नारिंगी होतो. तापल्यावर त्याच्या रेणूतला हायड्रोजनचा एक अणू आपली जागा सोडून शेजारच्या जागेवर सरकतो. बाकी रेणू तोच, एक अणू इकडचा तिकडे, आणि रंग दुसरा. एकदा बदलला की गार करूनही परत फिरत नाही. उष्णतेनं हे नेमकं कसं होतं ते मी बघायचं होतं. दाबाचा, घासण्याचा सरांनी दिलेल्या टिपणात कुठं उल्लेखही नव्हता.

सरांना मोठे, स्वच्छ स्फटिक हवे होते. त्यांच्या प्रयोगशाळेत ते बारीकच यायचे. तिथं दिवसभर माणसांची ये-जा, यंत्रांची घरघर, एसी कधी चालू, कधी बंद. आमच्याकडे प्रयोगशाळेच्या मागं एक कोठीची खोली आहे, उत्तरेच्या भिंतीची. उन्हाळ्यातसुद्धा तिथली फरशी पायाला गार लागते. तिथं द्रावणाचा बीकर सच्छिद्र कागदानं झाकून ठेवला की दहा-बारा दिवसांत तळाशी असे सुरेख स्फटिक यायचे की बघत राहावं.

त्या खोलीची किल्ली मामांकडे असायची. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. भोरजवळच्या उत्रोलीचे. तिथं विहाराच्या मागं त्यांचं घर, आणि ओढ्याच्या कडेला थोडं भाताचं रान. मी शाळेत होते तेव्हा ते कॉलेजात लागले. प्राचार्यांसकट सगळे त्यांना मामाच म्हणायचे. काचेच्या भांड्यावर कसला डाग आहे ते बघून, आदल्या दिवशी कुठल्या वर्गानं कुठला प्रयोग केला हे ते सांगायचे. कुठल्या पोरानं केला तेही बरेचदा सांगायचे.

माझे स्फटिक त्यांनी स्वतःकडे घेतले, असंच म्हणायला हवं. मी फक्त एवढं म्हणाले होते की बीकर हलता कामा नये. त्या दिवसापासून मामा चप्पल बाहेर काढून त्या खोलीत जायला लागले. बाहेरचा नळ टपटपत होता. थेंबाच्या आवाजानं काही होत नाही असं मी सांगितलं, तरी त्यांनी दुसऱ्या दिवशी येताना वॉशर आणून बसवला. रोज सकाळी मला निरोप असायचा, "मॅडम, आज अजून थोडे वाढलेत. पण कागद उचलला न्हाई म्या, बाजूनंच बघितलं."

अशा काळजीनं वाढवलेले ते स्फटिक पुण्यात नारिंगी झाले, हे त्यांना सांगताना मला माझ्या अपमानापेक्षा त्यांचं वाईट वाटत होतं.

मामा आत जाऊन बीकर बाजूनं बघून आले. मग म्हणाले, "आपल्याकडं राहिलेले तर पिवळेच हायत."

हे खरं होतं. त्याच बीकरमधले उरलेले स्फटिक खोलीत तसेच होते.

मी विचार केला, ऊन लागलं असेल. मी खिडकीशी बसले होते. दुसऱ्या खेपेला बाटलीला काळा कागद गुंडाळला. पुण्यात उघडली तर पुन्हा निम्मे नारिंगी. मग वाटलं, बसमधली उष्णता. तिसऱ्या खेपेला मी घरचा थर्मास घेतला, त्यात बर्फ, बर्फात बाटली. शेजारच्या बाईंनी चहा आहे का म्हणून विचारलं. पुण्यात बर्फ अजून शाबूत होता आणि स्फटिक नारिंगी.

सर वाईट माणूस नव्हते. ते ओरडले नाहीत. चष्मा काढून पुसत म्हणाले, "तुमच्या द्रावणात कसली तरी अशुद्धी असणार. किंवा हे संयुगच बेभरवशाचं आहे. आपण दुसरं घेऊ. तुमचं वर्ष वाया जायला नको."

दीड वर्ष मी त्या संयुगावर घालवलं होतं. "बघते," मी म्हणाले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी कोठीची खोली आवरायचीच असं ठरवून कॉलेजात गेले. बीकर रिकामे करायचे, बाटल्या धुवायच्या, संपवायचं. मामा भांडी धूत होते. माझा चेहरा बघून त्यांनी नळ बंद केला आणि हात पुसले.

"मॅडम, रागवणार नसाल तर येक दाखवू का?"

त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून एक पत्र्याचं झाकण काढलं. गोळ्यांच्या जुन्या डब्याचं. त्यात माझेच स्फटिक होते, दहा-पंधरा असतील. मी स्फटिक निवडताना ज्यांच्यावर डाग दिसेल ते बाजूला टाकायचे. अशुद्ध म्हणून. ते फेकून द्या असं मी सांगितलेलं होतं आणि मामांनी ते फेकले नव्हते. काहीच फेकायचं नाही ही त्यांची जुनी खोड.

त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. "ह्यो बघा. डाग कुठं हाय?"

डाग मधोमध होता. दोन्ही बाजूंना, समोरासमोर.

"आता ह्यो दुसरा. ह्याला बी मधीच, दोनी अंगाला. आणि ह्यो तिसरा." मग त्यांनी टेबलावरचा चिमटा उचलला आणि त्याची दोन टोकं डागांवर अलगद टेकवून दाखवली. "तुमी जिथं चिमट्यानं धरता तिथंच लाल पडतंय, मॅडम. येरवी न्हाई."

मी खुर्चीत बसले. मग उठले. खोलीत जाऊन बीकरमधला एक नवा, निर्दोष स्फटिक चमच्यानं उचलून आणला, काचेच्या पट्टीवर ठेवला आणि टाचणीच्या टोकानं त्याच्या मधोमध एक बारीक रेघ ओढली. आम्ही दोघं भिंगातून बघत राहिलो. काही क्षण काहीच झालं नाही. मग रेघ पिवळीची गडद पिवळी झाली आणि हळूहळू नारिंगी. तासाभरानं ती रेघ रुंद झाली होती. दुपारच्या सुट्टीपर्यंत तिच्या दोन्ही बाजूंनी रंग पसरत स्फटिकाच्या अर्ध्यावर आला होता. टाचणी मी पुन्हा लावली नव्हती. बाकीचं काम तो स्फटिक आपण होऊन करत होता.

"म्हणजे एसटीत..." मी म्हणाले.

"एसटीत काय, येकमेकांवर आपटत्यात की ते. कापूरहोळपतोर रस्ता कसला हाय तुमाला म्हाईत न्हाई का?"

त्या काळात भोर ते कापूरहोळ रस्त्याचं काम चालू होतं. एका अंगाला खडी, दुसऱ्या अंगाला खड्डे, आणि एसटी दोन्हींतून वाट काढत जायची. मी ऊन पाहिलं, उष्णता पाहिली. धक्के माझ्या डोक्यात आलेच नाहीत, कारण ते रोजचे होते.

आता हे सरांना पटेल असं दाखवायचं होतं. मी ठरवलं, एका बाटलीत स्फटिक मोकळे ठेवायचे आणि एकीत प्रत्येक स्फटिक कापसात वेगळा गुंडाळायचा. मामा म्हणाले, येवढ्यानं भागणार न्हाई. धक्का कमी-जास्त झाला तर रंगही कमी-जास्त झाला पाहिजे, तरच खरं. मी विचारलं, धक्का कमी-जास्त कसा करणार? ते म्हणाले, "सोपं हाय. तुमी पुढं बसा, मी मागच्या शिटावर बसतो."

मामांनी एका दिवसाची रजा टाकली. आम्ही सारख्या चार बाटल्या भरल्या, दोन मोकळ्या आणि दोन कापसाच्या. एक जोडी माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. पाचवी, मोकळी बाटली खोलीतच ठेवली. सकाळच्या गाडीला मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून थेट शेवटच्या बाकावर.

कंडक्टर बाई तिकीट देताना थबकल्या. "दोघं एका कॉलेजचे ना? मग एक पुढं, एक मागं का?"

मागून मामा ओरडून म्हणाले, "मॅडमला मागं मळमळतंय!"

स्वारगेटला उतरलो तेव्हा मामा कंबरेवर हात ठेवून उभे होते. "मॅडम, माझी कंबर बी नारिंगी झाली आसंल."

सरांच्या टेबलावर मी चारही बाटल्या ओळीनं मांडल्या. कापसातले स्फटिक सगळे पिवळे होते. फक्त एकाला छोटासा डाग, तो बहुधा गुंडाळताना माझ्याच बोटानं पडलेला. पुढच्या सीटवरच्या मोकळ्या बाटलीत मोजके नारिंगी होते, आणि मामांच्या बाटलीत पिवळा शोधावा लागत होता. (भोरला ठेवलेली पाचवी संध्याकाळी बघितली, ती अख्खी पिवळी होती.) सरांनी एकेक स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. त्यांना बराच वेळ लागला. आम्ही उभेच होतो. शेवटी त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "मागच्या सीटवर कोण बसलं होतं?"

"मी," मामा म्हणाले.

सर उठले, स्वतःची खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणाले, "बसा आधी." मग चहा मागवला. चहा येईपर्यंत ते मामांनाच विचारत होते. डाग पहिल्यांदा कधी दिसला, झाकणात किती दिवस ठेवले, त्यातले किती पूर्ण बदलले. मामांना सगळ्याची उत्तरं येत होती. मला त्यातली निम्मी नवीन होती.

निघताना सर मला म्हणाले, "तुमचा विषय बदलला."

मी विचारलं, "दुसरं संयुग?"

"संयुग तेच. प्रश्न बदलला. आता बघायचं ते हे, की दाबल्यावर तिथं नेमकं काय होतं."

पुढची तीन वर्षं मी तेच बघितलं, आणि ती माझ्या आयुष्यातली फार सुखाची वर्षं होती.

जे कळलं ते थोडक्यात असं. स्फटिकात रेणू इतके दाटीनं आणि शिस्तीत बसलेले असतात की एखाद्याला बदलायचं असलं तरी हलायला जागा नसते. भरलेल्या एसटीत तिघांच्या बाकावर चौघं बसलेत, तसं. आपण दाबलं किंवा ओरखडा काढला की एखादी रांग घसरते आणि तिथं थोडी फट पडते. त्या फटीशी बसलेल्या रेणूला जागा मिळते आणि तो आपला हायड्रोजन सरकवून मोकळा होतो. पण बदललेल्या रेणूचा आकार पहिल्यासारखा नसतो. तो शेजाऱ्याला ढकलतो, शेजारची रांग सैल होते, आणि बदल पुढं जातो. बाहेरून दिलेला ताण संपला तरी आतला ताण काम करत राहतो. म्हणूनच टाचणीची रेघ दुपारपर्यंत आपोआप पसरली होती.

महागडं यंत्र पुण्यात होतं, पण त्यावर नंबर महिन्यातून एकदा यायचा. मामांनी भोरमध्येच एक बनवलं. जुन्या तराजूची दांडी, तिच्या एका टोकाला शिवणयंत्राची सुई आणि वर वजनं ठेवायला पारडं. सुई स्फटिकावर टेकवायची आणि एकेक वजन वाढवत जायचं. हलकं वजन असलं तर काही होत नसे. सुई काढली की स्फटिक जसाच्या तसा. एका ठरावीक वजनानंतर मात्र सुईखाली नारिंगी ठिपका उमटायचा. स्फटिक उभा धरून टोकाकडून दाबला तर कितीही वजन ठेवा, तो तुटेल पण रंग बदलणार नाही. आडवा दाबला तर थोडक्यात बदलायचा. तीच वस्तू, तेवढाच दाब, फक्त दिशा वेगळी. मी ते शंभरदा करून पाहिलं असेल, आणि दर वेळी नवल वाटायचं.

एकदा आई भोरला आली होती, डोळे तपासायला. ती पासलीला एकटीच राहते, अजून स्वतः भात लावते. डॉक्टरांकडचं काम दुपारीच उरकलं आणि वेल्ह्याकडची गाडी संध्याकाळी, म्हणून मी तिला कॉलेजात घेऊन आले. प्रथम वर्षाचं प्रात्यक्षिक चालू होतं. त्यात मी एक प्रयोग ठेवला होता. दोन कोरड्या पावडरी, एक पांढरी, एक फिकट पिवळसर. दोन्ही खलात घालून घोटल्या की पाणी नाही, आच नाही, तरी त्यांची आपसात क्रिया होते आणि लख्ख नारिंगी पूड तयार होते. मुली बत्त्यानं ठोकत होत्या. ठकठक ठकठक नुसतं, आणि रंग काही येईना.

आई थोडा वेळ स्टुलावर बसून बघत होती. मग तिला राहवेना.

"आगं पोरींनो, कुटताय काय? रगडा की. कुटून काय व्हतंय?"

मुली हसल्या. एकीनं खल तिच्यापुढं सरकवला. "आजी, तुम्ही दाखवा."

मी आईला हातमोजे घातले, तोंडाला मास्क बांधला आणि खिडकीशी बसवलं. तिनं बत्ता तिरका धरला आणि सगळा भार मनगटावर घेऊन तो गोल फिरवायला लागली, खलाच्या अंगाला दाबून, न उचलता. चार-पाच फेऱ्यांत पूड ओलसर झाली, मग चिकट. आणि मग एका कडेनं रंग फुटला. आईचा हात थांबला.

"आगं बाई! म्या काय घातलं न्हाई हां ह्यात! नुसतं रगडलं!"

"माहितेय गं. रगडल्यानंच होतं ते."

"रगडल्यानं?" तिनं मास्कवरून माझ्याकडं बघितलं. "मंग तू येवढी शिकलीस ती ह्येच व्हय?"

"हेच."

तिनं पुन्हा खलात बघितलं. नारिंगी पूड आता कोरडी होत चालली होती. "बरं हाय की," ती म्हणाली. "चांगला रंग हाय." आणि उरलेलं सगळं तिनं नीट, कडेचं खरवडून घेत, रगडून पुरं केलं. अर्धवट सोडणं तिला जमत नाही.

त्या संध्याकाळी तिला गाडीत बसवून परत आले तरी ते माझ्या डोक्यातून जाईना. मी आतापर्यंत सुईनं सरळ दाबत होते, म्हणजे एका अर्थी कुटतच होते. घासून पाहिलंच नव्हतं. मामांना सांगितलं. त्यांनी स्फटिक दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवला, वर अगदी हलकं वजन, आणि वरची पट्टी बोटानं किंचित सरकवली. जेवढ्या वजनाला सुईखाली काहीच होत नव्हतं तेवढ्याच वजनाला इथं अख्खा स्फटिक नारिंगी झाला. मी लगेच सरांना फोन केला, मोठा शोध लागल्यासारखा.

सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छान. पण हे पुस्तकात आहे. सरळ दाबापेक्षा सरकवणारा ताण जास्त परिणाम करतो. तुम्हाला दिलेल्या यादीतलं तिसरं पुस्तक."

मी ते पुस्तक काढलं. होतं. त्या पानावर माझ्याच हाताची पेन्सिलची खूण होती. आईला फोन करून हे सांगितलं तर ती म्हणाली, "पुस्तकवाल्यांला बी कुनीतरी आईनंच सांगितलं आसंल."

प्रबंध पूर्ण झाला तेव्हा सुरुवातीच्या आभाराच्या पानावर मी मामांचं नाव पहिलं घातलं आणि कच्चा मजकूर त्यांना वाचायला दिला. त्यांनी तो खिडकीशी उभं राहून दोनदा वाचला. मला वाटलं, भारावले असतील. ते म्हणाले, "मॅडम, हितं 'सहायक कर्मचारी' लिवलंय तुमी. माझं पद 'प्रयोगशाळा परिचर' हाय. तेवढं बरोबर लिवा."

मी तिथंच खोडून बरोबर लिहिलं. अजून काही हवंय का विचारलं. "न्हाई," ते म्हणाले. "बाकी समदं खरं हाय."

तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले होते. सगळे नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, की ताणाचा परिणाम आहे हे मुळात तुमच्या लक्षात कसं आलं? मी चिमट्याचं सांगितलं, मग एसटीचं, पुढच्या आणि मागच्या सीटचं. परीक्षक मोठ्यानं हसले. हसू थांबल्यावर त्यांनी चौकशी केली, गाडी कुठली होती, रस्ता कुठून कुठपर्यंत खराब होता, आणि खरोखर ते वहीत टिपून घेतलं. मागच्या रांगेत मामा आणि आई शेजारी शेजारी बसले होते. आईनं मामांना कुजबुजत विचारलेलं मला समोरून दिसत होतं. नंतर कळलं, ती विचारत होती की पास झाली का, आणि मामा सांगत होते, "हासलं म्हंजी झाली."

मामा आता निवृत्त झालेत. उत्रोलीला रानात असतात, पण बाजारच्या दिवशी भोरला आले की प्रयोगशाळेत डोकावल्याशिवाय जात नाहीत. त्या मागच्या खोलीत सध्या वेल्ह्याकडच्या दोन विद्यार्थिनी त्यांचे स्फटिक वाढवतात. एक गुंजवण्याची आहे, तिचा हात फार हलका आहे. मामा त्यांच्या बीकरकडे बाजूनं बघतात, कागद न उचलता, आणि मान डोलावतात.

मागच्या महिन्यात असेच आले, चहा झाला, आणि मला म्हणाले, "मॅडम, येक विचारायचं व्हतं. परवा सांजच्याला लाईट गेली. मंडळी अंधारातच खडीसाखर फोडत व्हती, प्रसादाला. बत्ता मारला की आत निळं चमकायचं. मला वाटलं डोळ्याला झालंय काय. पण तिला बी दिसलं."

मी असं होतं हे वाचलं होतं. साखरेचा स्फटिक फुटताना त्याच्या दोन तुकड्यांवर विरुद्ध विद्युतभार येतो आणि मधल्या हवेत ठिणगी पडते, ती निळसर दिसते. वर्गात एकदा शिकवलंही होतं, खडू हातात घेऊन. पण स्वतः कधी पाहिलं नव्हतं. मी तसं मामांना सांगितलं.

"मंग बघू की," मामा म्हणाले.

भर दुपार होती. मी एका मुलीला खालच्या दुकानातून खडीसाखर आणायला पाठवलं. कोठीच्या खोलीची खिडकी आम्ही काळ्या कागदानं बंद केली, दाराच्या फटीला प्रयोगशाळेतला जुना कोट लावला. मुलींचे बीकर आधी जपून दुसऱ्या फळीवर हलवले. ते मामांनीच केलं, चप्पल काढून. मग आम्ही चौघं गार फरशीवर बसलो. डोळे अंधाराला सरावायची वाट बघितली.

मामांनी पक्कडीत एक खडा धरला. "दाबू?"

"दाबा."

कट्‌ असा आवाज आला आणि पक्कडीच्या तोंडात एक निळा ठिपका लखकन चमकून गेला. गुंजवण्याची मुलगी "आई शप्पथ" म्हणाली आणि लगेच जीभ चावली. दुसरी हसायला लागली. मामांनी दुसरा खडा घेतला, मग तिसरा. मग पक्कड माझ्याकडे दिली. सगळी पुडी संपेपर्यंत आम्ही आळीपाळीनं खडे फोडत बसलो. नंतर दार उघडलं तर फरशीभर साखरेचा चुरा झाला होता, आणि मुंग्या यायच्या आत तो झाडून घेताना मामा सारखे म्हणत होते, "लई भारी. लई भारी काम झालं."